किलोमीटरमागे एक रुपया

निघायचा दिवस २० डिसेंबर ठरला. १९५६ साली याच तारखेला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, गाडीतच गाडगेबाबांनी देह ठेवला. आम्ही नऊ जण, त्यात दोन बाया, मूर्तिजापूरहून सायकलने निघणार आणि अमरावतीला गाडगेनगरात समाधीपाशी थांबणार. कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवायचे, किलोमीटरमागे एक रुपया. ज्याला जमेल त्याने दहा द्यावेत. दोनशे पानी वही आणली, आडव्या रेघा मारल्या: नाव, गाव, किती किलोमीटर, रुपये, सही. हिशेबाची वही चोख असली की मागणाऱ्याची मान ताठ राहते.

*

स्टेशन रोडवरचा किराणावाला म्हणाला, “तुमी सायकल चालवून कॅन्सर कसा जाईन भाऊ?”

प्रश्न खरा आहे. आठ दिवस डोक्यात घोळत होता. माझ्यापुरतं उत्तर असं सापडलं की आपल्याकडे बसल्या जागी मागणाऱ्याला कोणी उभं करत नाही. घामेजून आलेल्याला आधी पाणी मिळतं, मग “कोठून आले?” आणि मग “कायले?” त्या ‘कायले’पाशी आपल्याला बोलायला जागा मिळते. एरवी आमच्या भागात या रोगाचं नाव घराबाहेर काढत नाहीत. ‘त्याले थे झालं’ एवढ्यावर बोलणं संपतं.

*

माझ्या मोठ्या आईने वर्षभर अंगावर काढलं. अंगावरून जातं हे कोणाला सांगायचं? सुनेला सांगायची लाज, नवऱ्याला सांगायची सोय नाही. निंदण, वेचणी, घरचं सगळं चालूच होतं. न्हाणीत रक्ताने भिजलेलं लुगडं धुताना सुनेने पाहिलं तेव्हा घरात कळलं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, फार पुढे गेलेला.

तिला घेऊन परळला टाटा हॉस्पिटलात गेलो. राहिलो दादरला, गाडगे महाराज धर्मशाळेत. आपल्या दापुऱ्यात मामाच्या घरी राहून ज्यांनी गुरं राखली, आपल्या मूर्तिजापुरात ज्यांनी गोरक्षण उभं केलं, त्यांच्या नावाच्या छताखाली बंगालची, बिहारची, ओडिशाची माणसं हातात फायली घेऊन बसलेली. मोठ्या आईला भाषा कोणाचीच कळत नव्हती. पण शेजारच्या खाटेवरच्या बंगाली बाईने पोटाखाली हात ठेवून दाखवला आणि हिनेही तिथेच हात ठेवला. दोघी मग रोज संध्याकाळी एकमेकींजवळ बसत.

ती सात महिने जगली.

*

संशोधन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या येतात. माझ्या डोळ्यांपुढे धाराशिव जिल्ह्यातली गावं येतात. १९९९ पासून तिथल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची ल्योंमधली कर्करोग संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ गट पाडले आणि त्यांची चार भागांत वाटणी केली. एका भागातल्या बायकांची एचपीव्ही या विषाणूची तपासणी, तीही एकदाच. दुसऱ्या भागात पेशींची तपासणी. तिसऱ्यात पातळ व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं. चौथ्या भागात यातलं काही नाही. मग आठ वर्षं नोंदी ठेवल्या. २००९ साली निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या. चौथ्या गटात ६४. दोन्हींकडे तीस हजारांवर बायका होत्या.

आयुष्यात एकदा केलेली, काही मिनिटांची तपासणी. मृत्यू जवळपास निम्मे.

त्या चौथ्या गटावर पुढे टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते. चौसष्ट हा आकडा मी फार वेळ वाचू शकत नाही. त्या बायकांची नावं आपल्याला माहीत नाहीत, पण आज तिशीनंतर एचपीव्हीची तपासणी करा असं जगभर सांगितलं जातं, त्याचा भक्कम आधार आमच्यासारख्याच काळ्या मातीतल्या, ज्वारी-तुरीच्या गावांतून आलेला आहे. पैसे मागताना हे मी प्रत्येकाला सांगतो.

*

एक निवृत्त गुरुजी म्हणाले, “संशोधनाले कायले देता? एखाद्या गरीब पेशंटले द्या. डोळ्यांनं दिसते तरी.” मी वाद घातला नाही, पण पटलंही नाही. मोठ्या आईच्या औषधाला लोकांनी पैसे दिले होते, ते उपकार मी विसरणार नाही. पण तिला त्याच्या दहा वर्षं आधी ती एक तपासणी मिळायला हवी होती. गावोगाव गाडी नेणं, नर्सने दारोदार जाणं, आठ-आठ वर्षं नोंदी सांभाळणं, संशोधनाचा पैसा यालाही लागतो. गुरुजींनी पाचशे दिले, ते वेगळ्या पाकिटात पेशंटसाठी ठेवले. वहीत लिहिले नाहीत.

*

बॉस्टनच्या बाजूला १९८० साली ३६ जण सायकलींवर निघाले. बिली स्टार नावाच्या तरुणाची आई कॅन्सरने गेली होती, त्याने ही ‘पॅन-मास चॅलेंज’ काढली. ती आजही दर वर्षी निघते आणि तिने डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला आजवर एक अब्ज डॉलरवर रक्कम मिळवून दिली आहे. त्याच १९८० साली कॅनडात टेरी फॉक्स याच कामासाठी एका कृत्रिम पायावर १४३ दिवस धावला. त्याच्या नावाने मुंबईतही दौड होत आली आहे. शाळेत हे सांगितलं तर एका पोरीने विचारलं, “ते छत्तीस अन् आपन नऊच?”

*

वाटेतला माना ते लोणी हा रस्ता आपल्याकडचा नामांकित. जून २०२२ मध्ये इथे ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात विक्रम झाला. चाक सरसर जातं. पण डिसेंबरात सकाळी वारा समोरून येतो आणि ट्रक गेला की सायकल हातभर सरकते. दोन्ही बाजूंना वेचायची राहिलेली पऱ्हाटी, मध्येच तूर. डोळ्यांत पाणी येतं ते वाऱ्याने.

*

कुरुमच्या अलीकडे मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. फाट्यावरच्या पंक्चरवाल्याने ट्यूब काढली, हवा भरली, घमेल्यातल्या पाण्यात दाबत फिरवली. बारीक बुडबुडे आले तिथे खिळ्याने खूण केली, मग कानशीने घासून सोल्यूशन लावलं. वय पंचविशीचं असेल. गालात खर्रा. बोलताना जबडा हलतच नव्हता, शब्द दातांमागून येत होते.

मी म्हटलं, “भाऊ, तीन बोटं उभी धरून तोंडात घालून दाखव.”

त्याला गंमत वाटली. खर्रा थुंकला, चूळ भरली, बोटं पुसली. तीन जाईनात. दोन घातली, तीही पहिल्या पेरापाशी अडली. तिखट खाल्लं की आग होते का विचारलं, तर म्हणाला, “दोन वर्सं झाले, वरनावरच हावो.”

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून घोटलेला. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी ताठरते, तोंड मिटत जातं आणि तिथेच पुढे कॅन्सर उद्भवू शकतो. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. खर्रा टपरीवर डोळ्यांदेखत घोटून मिळतो. वहीतलं कोरं पान फाडून त्याला अमरावतीतल्या सरकारी दंतविभागाचं नाव लिहून दिलं. त्याने ते सोल्यूशनच्या डब्याखाली ठेवलं. पंक्चरचे पैसे दिले, ते त्याने मोजून घेतले.

*

तुकडोजी महाराज कॅन्सरने गेले, १९६८ साली, मोझरीला. नागपूरचं प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय त्यांच्याच नावाचं आहे. वऱ्हाडाने गाडगेबाबा आणि तुकडोजी अशी दोन मोठी माणसं दिली, आणि दोघांचीही नावं आज कॅन्सरच्या पेशंटच्या पत्त्यात येतात.

*

बडनेऱ्याच्या अलीकडे चहाला थांबलो. पुरुष सायकली बघायला जमले, गिअर किती, किंमत किती. चार-पाच बायका मात्र दूर निंबाखाली उभ्या राहिल्या आणि आमच्यातल्या एकीला हाताने खूण करून बोलावून घेतलं. मी वही घेऊन निघालो होतो, तिने डोळ्यांनी मागेच राहा म्हटलं.

पाऊण तास गेला. चहा दोनदा झाला. उन्हं चढली, अमरावतीला पोचायला उशीर होणार हे दिसत होतं, पण कोणी हाक मारली नाही.

परत आल्यावर तिने सांगितलं, पैसे एकीनेही दिले नाहीत. विचारत होत्या, ती तपासणी दुखते का, बाई डॉक्टर असते का, आणि घरी न सांगता जाता येते का.