टाकीचे झाकण

गेल्या दसऱ्याला आम्ही अंबडहून भाड्याच्या क्रूझरने दीक्षाभूमीकडे निघालो. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, तेव्हापासून जालनेकरांना नागपूर जवळ झाले. पण जालन्याबाहेरच ड्रायव्हरला डुलकी येऊ लागली. गाडी रस्त्याकडेला, अंधारातच लावली. पहाटे पाहतो तर टपावरची बोचकी शाबूत, टाकीचे झाकण मात्र लोंबतेय! नळी घालून डिझेल उपसून नेले होते. आमच्या खिशात जेमतेम टोलपुरते पैसे. आजीने कमरेची पिशवी सोडली, तेव्हा कुठे कॅनभर डिझेल आले. परतताना पंपाच्या उजेडात थांबलो, टाकीची बाजू भिंतीला लावली, दोघे-दोघे आळीपाळीने जागलो. वाचकहो, गाडी ठरवताना भाड्याआधी विचारा, टाकीला कुलूप आहे का?