बोटाची तक्रार

“काका, टीव्ही लॅग मारतो.” नालासोपारा असो, विरार असो, वसईचं पापडी असो, प्लेस्टेशन खेळणारी मुलं फोनवर हेच वाक्य बोलतात. मागून आईचा आवाज येतो की टीव्ही व्यवस्थित आहे, सिरीयल छान दिसते, ह्यालाच खेळता येत नाही. मी पिक्चर ट्यूबच्या काळापासून टीव्ही दुरुस्त करतोय, आणि माझ्या मते इथे दोघंही खरं बोलत असतात. चित्र चांगलंच असतं, फक्त उशिरा आलेलं असतं. सिरीयल बघणाऱ्याने काही दाबलेलं नसतं, म्हणून तो उशीर त्याला कळायला वावच नाही. ज्याने बटण दाबलंय त्याच्या बोटाला मात्र तो लगेच कळतो.

जुन्या डब्बा टीव्हीत हा प्रश्न नव्हता. सिग्नल आत आला की इलेक्ट्रॉनचा झोत तसाच पडद्यावर ओळी ओढत जायचा. चित्र अडवून त्याच्यावर काम करणारं मधे कुणी नव्हतं. कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमबरोबर प्लॅस्टिकची बंदूक यायची, ती अनेकांना आठवत असेल. ‘डक हंट’मध्ये घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. नळीतला सेन्सर नेमका त्या क्षणी उजेड शोधायचा. ती बंदूक आजच्या एलईडी टीव्हीला लावली तर एकही बदक पडत नाही. लोक बंदूक बिघडली म्हणून घेऊन येतात. तिचा फारसा दोष नसतो. ती ठरल्या वेळी बघते, चौकोनच उशिरा येतो.

हा उशीर मोजता येतो, आणि मोजल्याशिवाय मी रिमोटला हात लावत नाही. ब्रिटनच्या लिओ बोडनार इलेक्ट्रॉनिक्सचा एक छोटा डबा मिळतो. तो एचडीएमआयला जोडला की पडद्यावर वर, मध्ये आणि खाली पांढरे पट्टे लुकलुकतात. डब्याचा सेन्सर पट्ट्याला टेकवायचा, मिलिसेकंदांचा आकडा समोर येतो. वरच्या पट्ट्यापेक्षा खालचा आकडा बहुतेक मोठा निघतो. ६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, आणि ती वरून खाली रंगवत जायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. म्हणून कुणी नुसता आकडा सांगितला की मी विचारतो, कुठल्या पट्ट्याचा?

डबा नसेल तर मोबाइल पुरतो. स्लो मोशन २४० फ्रेमवर ठेवायचं आणि अंगठा व पडदा दोन्ही दिसतील असा मोबाइल पक्का टेकवायचा. गेममधल्या माणसाला उडी मारायला लावायची. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत, बटण पूर्ण दबल्यापासून पाय जमीन सोडेपर्यंत मोजत जायचं. एक फ्रेम म्हणजे सव्वाचार मिलिसेकंदांच्या थोडं आत. गेम मोड नसताना ३६ फ्रेम आणि लावल्यावर १८ आल्या, तर दीडशेवरून पंचाहत्तरवर आलो. उरलेल्या पंचाहत्तरात कंट्रोलर, कन्सोल आणि खुद्द गेमचाही वाटा असतो, त्यामुळे तो सगळा टीव्हीच्या माथी मारायचा नाही. या पद्धतीत आकड्यापेक्षा फरक खरा. एकाच मोजणीवर विश्वास टाकू नये; बऱ्याचदा मोजून सरासरी काढावी.

पंचाहत्तर मिलिसेकंद म्हणजे किती? १४० किलोमीटर वेगाचा चेंडू तेवढ्यात जवळजवळ तीन मीटर पुढे येतो. खेळपट्टी असते वीस मीटरची. विरारच्या पृथ्वी शॉने २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा केल्या, त्या गावातल्या पोराला क्रिकेटच्या गेममध्ये कव्हर ड्राइव्ह जमेना, तर त्याला टायमिंग येत नाही असं म्हणण्याआधी पडदा किती मागे आहे ते बघायला हवं.

उशीर कुठून येतो? चित्र सुंदर करण्याच्या कामातून. मोशन स्मूदिंग दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःची नवी फ्रेम घालतं, आणि त्यासाठी पुढची फ्रेम हातात येईपर्यंत आधीची थांबवून ठेवावी लागते. नॉइज रिडक्शन लागोपाठच्या फ्रेम ताडून बघतं. रंग, कडा, काँट्रास्ट, प्रत्येकाचं काहीतरी काम. गेम मोड म्हणजे ही कामं बंद करणं. चांगल्या नव्या टीव्हीत तो लावल्यावर ६० हर्ट्झलाही आकडा दहा-पंधरापर्यंत उतरतो. एचडीएमआय २.१ बरोबर आलेल्या एएलएलएम सोयीत तर कन्सोल स्वतःच टीव्हीला सांगतो की आता गेम चालू आहे. गेममध्ये ‘परफॉर्मन्स’ पर्याय असेल तर तोही निवडावा. ३० फ्रेमचा गेम कुठल्याही टीव्हीवर जडच लागतो. आणि इंटरनेटचा लॅग निराळा. एकट्याने, नेट बंद करूनही हात मागे पडत असेल, तर राउटर बदलून काही होणार नाही.

गेम मोडमध्ये चित्र थोडं फिकं दिसतं, आणि घरात भांडण त्यावरूनच लागतं. पुष्कळ टीव्ही प्रत्येक एचडीएमआयचं सेटिंग वेगळं लक्षात ठेवतात. सेट-टॉप बॉक्स एकात, कन्सोल दुसऱ्यात. आजीची सिरीयल जशीच्या तशी राहते.

अवघड जातात ते स्वस्त टीव्ही, ज्यांत गेम मोडच नसतो. तिथे इनपुटला ‘पीसी’ नाव देऊन बघतो; काही सेट त्यावर बरीचशी कामं सोडून देतात. स्मूदिंग आणि नॉइज रिडक्शन हाताने बंद करतो, मधला साउंडबार काढून कन्सोल थेट जोडतो आणि पुन्हा मोजतो. तरीही आकडा हलला नाही तर मेनबोर्ड उघडून उपयोग नाही, आणि मी तो उघडायचे पैसेही घेत नाही. गिऱ्हाइकाला दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी दाखवतो, आईलाही बोलावतो, आणि सांगतो की याच्या खेळण्यासाठी चोवीस इंची कॉम्प्युटरचा मॉनिटर घ्या, टीव्ही तुमच्यासाठी ठेवा.