यंदाचे खेळ

हट्ट्यात टीव्ही गेमचं वर्ष हळदीच्या पट्टीवर ठरायचं. वसमतच्या मोंढ्यात हळद गेली, आडत्याकडून पट्टी हाती आली, की आधी उधारी-उसनवारी, मग खत, मग घरातल्यांचे कपडे. आणि त्यातून काही उरलंच तर आम्हा लेकरांना एक कॅसेट. ती परभणीहून यायची. तेव्हा आमचा जिल्हाच परभणी होता. 1 मे 1999 ला हिंगोली वेगळी झाली आणि कागदोपत्री आम्ही तिकडचे झालो, पण कॅसेटसाठी परभणीच.

कॅसेट ज्यात घालायची ते यंत्र म्हणजे निन्टेन्डो कंपनीनं 1983 मध्ये जपानात काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल. आम्हाला याचा पत्ता नव्हता. आमच्या लेखी तो नुसता ‘गेम’, आणि त्याच्या हातात धरायच्या दोन खोक्यांना ‘रिमोट’. अँटेनाची वायर काढून गेमची लावायची, मुंग्या जाऊन चित्र येईपर्यंत चॅनेलचं बटण फिरवत बसायचं, कॅसेट नाही लागली तर काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची. फुंकरीनं काही होतं की नुसतं काढून परत लावल्यानं, यावर आमच्यात दोन पक्ष होते.

कॅसेटवर लिहिलेलं असायचं ‘9999 इन 1’. ही आमची वर्षाची यादी. टीव्हीवर ती उघडली की नावं खाली सरकत जायची, सरकतच राहायची. पहिल्या पानावर मारिओ, कॉन्ट्रा, रणगाडे, बंदुकीनं बदकं मारायचा गेम. दुसऱ्या पानावर मारिओच, नाव तेवढं वेगळं, आणि सुरुवात पुढच्या लेव्हलपासून. अजून खाली गेलं की कॉन्ट्रा, पण तीनाऐवजी तीस जीव घेऊन. दहा-पंधरा गेम धुऊन-वाळवून हजारो केलेले. तरी शेवटच्या पानापर्यंत गेल्याशिवाय राहवत नसे, न जाणो खाली एखादा खरा निघाला तर!

पुढं कधीतरी या धंद्याचा इतिहास वाचला तेव्हा गंमत वाटली. 1983 च्या सुमारास अमेरिकेत या खेळांचा बाजार कोसळला होता. ज्याला जमेल तो गेम काढत होता, दुकानं रद्दड मालानं भरली होती. अटारी कंपनीनं तर न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरल्या. 2014 मध्ये लोकांनी खणून त्या बाहेरही काढल्या. या पडझडीनंतर निन्टेन्डो अमेरिकेत उतरली आणि बाहेरच्या कंपन्यांना तिनं अट घातली, वर्षाला पाचच गेम काढायचे. कोनामी कंपनीला पाच पुरेनात, म्हणून तिनं ‘अल्ट्रा’ नावानं दुसरी पाटी लावून आणखी पाचांची सोय केली. कॉन्ट्रा याच कोनामीचा. जिथं त्याच्या धन्याला पाचाचं बंधन, तिथं आमच्या कॅसेटवर तो किती नावांनी नांदत होता!

त्यातला खरा कॉन्ट्रा एकच, आणि वर्ष त्यानंच भरलं. धबधब्याच्या लेव्हलला पडदा वर सरकतो. पुढचा गडी घाई करून वर चढला की खालचा पडद्याबाहेर जाऊन मरतो. एरवी गोट्यांच्या डावात एकमेकांचं तोंड न बघणारी दोन पोरं तिथं ‘थांब, थांब, आता उडी’ करत एका तालात चढायची. शेवटच्या राक्षसापर्यंत पोचावं आणि लाइट जावी, हे नेहमीचंच. जिथं थांबलो तिथून पुढं सुरू करायची सोयच नव्हती. लाइट आली की पुन्हा पहिल्या जंगलापासून.

औरंगाबादला शिकायला गेलो तेव्हा गल्लीतल्या दुकानात तासावर सोनी कंपनीचा प्लेस्टेशन 2 मिळायचा. तासाचे पैसे मोजायचे म्हटल्यावर माणूस नव्या गेमवर जुगार खेळत नाही. 2009 मध्ये खास आपल्याकडच्या लोकांसाठी भारतातच केलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आला, तो लावून बघणारे होते, पण रांग फुटबॉललाच.

आता पुतण्या पुण्याहून येतो, त्याच्याकडं प्लेस्टेशन 5 आहे. 2025 च्या दिवाळीत त्यानं निकाल दिला, “काका, यंदा सोनीनं काहीच दिलं नाही.” मी म्हटलं, काहीच नाही? तर बोटं मोजत म्हणाला, जूनमध्ये ‘डेथ स्ट्रँडिंग 2’, ऑक्टोबरमध्ये ‘घोस्ट ऑफ योतेई’, बाकी सगळे इतर यंत्रांवरही येणारे, ते धरायचे नाहीत. मुलखाचा कडक हिशेब. त्याची बाजू अगदीच लंगडी नाही म्हणा. या यंत्रावरच्या मोठ्या गेमची किंमत 4,999 रुपये. एवढं मोजणाऱ्यानं कंपनीला जाब विचारायलाच हवा.

पण यादीच्या लांबीवरून वर्ष तोलणं मला पटत नाही. निन्टेन्डो 64 जपानात 23 जून 1996 ला आला तेव्हा त्याच्यासोबत गेम होते तीन, त्यातला एक तर जपानी बुद्धिबळाचा. लोकांनी यंत्र घेतलं ते ‘सुपर मारिओ 64’ साठी. 2017 मध्ये निन्टेन्डो स्विचसोबत मार्चमध्ये ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आला, ऑक्टोबरमध्ये ‘मारिओ ओडिसी’. मधले काढून टाकले तरी ते वर्ष पडलं असतं असं कोणी म्हणणार नाही. आणि खुद्द आमचे पुतणेराव दोन गेमचं वर्ष पडकं म्हणतात, पण ‘योतेई’ त्यांनी अजून निम्माही संपवलेला नव्हता.

त्याच्या न धरलेल्यांत ‘स्प्लिट फिक्शन’ नावाचा एक होता, मार्चमध्ये आलेला. मी विचारलं, हा का नाही? म्हणाला, “तो एकट्याला खेळताच येत नाही. दुसरा माणूस लागतोच.” म्हटलं, मग मी काय मेलोय? दुसरं रिमोट आण. त्यानं माझ्याकडं जरा संशयानंच पाहिलं. दिवाळीनंतर तो पुण्याला निघाला तेव्हा आमच्यात एवढंच ठरलं होतं की निम्मे पैसे माझे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत यंत्र हट्ट्याला आणायचं. त्याच्या आईला अजून सांगितलेलं नाही.