यंत्राचा राखणदार

दोस्तांनो, घरोघरी रोज ऐकू येणारी ही वाक्यं बघा बरं. ‘मी परत येईपर्यंत दाराची कडी काढायची नाही.’ ‘तिसरी शिट्टी झाली, की लगेच गॅस बंद कर.’ ‘जेवणाआधी नेहमी हात धुवायचे.’ ही झाली आईची वाक्यं. आता एक तुमचं. ‘अभ्यास ना? करीन की कधीतरी!’

या चारही वाक्यांत एक गोष्ट सारखी आहे. ती म्हणजे वेळ. ‘दोन आणि दोन चार’ हे सकाळी खरं आणि रात्रीही खरं. पण ‘बाहेर पाऊस पडतोय’ हे वाक्य आमच्या मावळात जुलैमध्ये बहुतेक दिवस खरं असतं, आणि एप्रिलमध्ये बहुतेक दिवस खोटं. ‘येईपर्यंत’, ‘लगेच’, ‘नेहमी’, ‘कधीतरी’ या शब्दांचा हिशेब ठेवायचा, तर नुसतं खरं-खोटं कळून भागत नाही. कधी खरं, किती वेळ खरं, कशाच्या आधी खरं, तेही बघावं लागतं. असा हिशेब करणारं एक शास्त्र आहे. त्याला कालतर्कशास्त्र म्हणू या. नाव जड आहे, पण घाबरू नका. त्याची मुळाक्षरं तुम्ही आत्ताच वाचलीत! आणि या शास्त्रामुळे माणसांची बोटं वाचतात, असं मी म्हटलं तर? थट्टा नाही, खरंच वाचतात.

आमचं आंबी हे गाव मावळ तालुक्यात, इंद्रायणीच्या काठी. आज शेजारीच तळेगावची एमआयडीसी आहे. पण माझे काका तरुण होते, तेव्हा नोकरीसाठी तळेगाव स्टेशनवरून लोकल पकडून पिंपरी-चिंचवडकडे जावं लागे. तिथल्या एका लहानशा कारखान्यात काका पॉवर प्रेस चालवत. पॉवर प्रेस म्हणजे पत्र्याला आकार देणारं यंत्र. खालच्या साच्यावर पत्रा ठेवायचा, आणि वरून कित्येक टनांच्या दाबाने दुसरा साचा धाडकन खाली येतो. झाला भाग तयार! पण हात मध्ये राहिला तर?

म्हणून या यंत्राला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. एक डाव्या हाताने दाबायचं, एक उजव्या. दोन्ही दाबली तरच साचा खाली येणार. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे दोन्ही हात साच्याबाहेर. छान युक्ती आहे की नाही?

पण तिथे नगावर पैसे मिळत. जितके नग जास्त, तितके पैसे जास्त. म्हणून त्या मशीनच्या डाव्या बटणात कुणीतरी लाकडाची पाचर मारून ठेवली होती. बटण कायमचं दाबलेलं! मग एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण दाबायचं. काम भराभर होई. सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणीच काही बोलत नव्हतं. एके दिवशी काकांचा डावा हात साच्यात असतानाच उजवा हात बटणावर पडला. त्यांची दोन बोटं गेली.

लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, “काका, मशीन बिघडलं होतं का हो?”

ते म्हणाले, “नाही रे. मशीन एकदम बरोबर होतं. त्याला सांगून ठेवलेलं, दोन्ही बटणं दाबलेली दिसली की खाली ये. दिसली, आलं.”

पुढे मी कारखान्यांतल्या यंत्रांचे कंट्रोलर तपासायच्या कामाला लागलो, तेव्हा काकांच्या या उत्तराचा अर्थ मला पुरता कळला. यंत्राने नियम मोडलाच नव्हता. नियमच अपुरा होता, कारण त्यात वेळ नव्हती!

आता हाच नियम नीट लिहू या. पहिली अट : एक बटण दाबल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत दुसरं दाबलं गेलं, तरच साचा खाली येईल. दुसरी अट : एकदा साचा खाली येऊन गेला, की दोन्ही बटणं सुटेपर्यंत तो पुन्हा कधीही खाली येणार नाही. बस्स, एवढंच. आता मारा बघू पाचर! डावं बटण सकाळपासून दाबलेलं आणि उजवं आत्ता दाबलं. दोन्हींत अंतर अर्ध्या सेकंदाहून कितीतरी जास्त. मशीन ढिम्म हलणार नाही. प्रेसच्या दोन बटणांसाठी जी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, त्यांत ही अर्ध्या सेकंदाची अट आहे. ‘आत’ आणि ‘सुटेपर्यंत’ या दोन साध्या शब्दांनी केवढा फरक पडला, पाहिलंत?

नियम झाला. पण तो पाळला जातोय की नाही, हे बघणार कोण? सुपरवायझर काही प्रत्येक मशीनपाशी स्टॉपवॉच घेऊन उभा राहू शकत नाही. इथे मला आठवण होते आमच्या शेतावरच्या राखणदाराची. भाताच्या लोंब्या भरल्या, की पाखरांचे थवे उतरतात. मग माळ्यावर राखणदार बसतो, हातात गोफण घेऊन. तो नांगर धरत नाही, कापणी करत नाही. त्याचं काम एकच. बघायचं, आणि पाखरं उतरली की हाकारा घालायचा.

यंत्रातही असाच एक राखणदार बसवता येतो. वॉशिंग मशीन, लिफ्ट, मोटारगाडी, प्रेस या सगळ्यांच्या पोटात आज छोटा संगणक असतो. त्यातला मुख्य प्रोग्रॅम यंत्र चालवतो. शेजारी दुसरा एक चिमुकला प्रोग्रॅम नुसता बघत बसतो. त्याला सगळा इतिहास पाठ करावा लागत नाही. आपल्या प्रेसच्या राखणदाराच्या वहीत तीनच नोंदी पुरतात. ‘दोन्ही बटणं मोकळी आहेत.’ ‘एक दाबलंय, घड्याळ सुरू केलंय.’ ‘दोन्ही सुटायची वाट बघतोय.’ प्रत्येक वेळी बटण दाबलं किंवा सुटलं, की तो एका नोंदीवरून दुसरीवर जातो. मधल्या नोंदीवर असताना अर्धा सेकंद उलटला, की तो थेट तिसरीवर जातो आणि साचा अडवून धरतो. तीन नोंदी आणि एक घड्याळ. यंत्र चालू असतानाच तपासायचं, हीच यातली खुबी.

तुम्ही म्हणाल, कारखान्यातून यंत्र बाहेर पडायच्या आधीच सगळं तपासून का घेत नाहीत? घेतात ना. घ्यायलाच हवं. पण तपासणाऱ्याच्या डोक्यात जे येतं, तेवढंच तो तपासतो. पाचर त्याच्या डोक्यात आलीच नाही तर? खरं जग हे आपल्या यादीपेक्षा नेहमीच मोठं असतं.

हे शास्त्र आलं कुठून, तेही ऐका. आर्थर प्रायर नावाचे न्यूझीलंडचे एक तत्त्वज्ञ होते. ‘असेल’, ‘होतं’, ‘नेहमी असेल’ अशा शब्दांचं तर्कशास्त्र त्यांनी 1950च्या दशकात मांडलं. तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे यंत्रं नव्हतीच! पुढे 1977 मध्ये इस्रायलचे अमीर प्नुएली यांनी दाखवून दिलं, की न थांबता चालणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमबद्दल नेमकं बोलायला हीच भाषा उपयोगी आहे. त्यासाठी त्यांना 1996 मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. हा संगणकशास्त्रातला सर्वांत मोठा मान.

पण या भाषेत ‘नंतर’ म्हणता येई; ‘अर्ध्या सेकंदाच्या आत’ कसं म्हणायचं? इथे आपल्या पुण्याचा संबंध येतो. राजीव अलूर यांचा जन्म पुण्याचा. शिक्षण आयआयटी कानपूर आणि मग अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात. डेव्हिड डिल यांच्याबरोबर त्यांनी 1990च्या सुमारास एक कल्पना मांडली. आपल्या राखणदाराच्या वहीसारख्या नोंदी घ्यायच्या, आणि त्यांना घड्याळं जोडायची. हवं तेव्हा घड्याळ शून्यावर आणायचं, आणि पुढे जाताना किती वाजले ते बघायचं. ही कल्पना आज जगभर शिकवली जाते.

आता जरा तुमच्या ‘कधीतरी’कडे वळू. ‘मी कधीतरी अभ्यास करीन’ हे वाक्य आज मोडलं, असं राखणदार म्हणू शकेल का? नाही! उद्या करशील, परवा करशील. वर्ष गेलं तरी पुढचं वर्ष आहेच. चालू असलेल्या यंत्रावर नुसतं लक्ष ठेवून ‘कधीतरी’चा नियम मोडल्याचं पकडता येतच नाही. पण ‘रात्री आठच्या आत’ म्हणा. आठ वाजून एक मिनिट झालं, की चोर सापडला! म्हणून ज्या यंत्रावर कुणाचा जीव अवलंबून असतो, त्याच्या नियमात ‘कधीतरी’ चालत नाही. गाडीतली एअरबॅग कधीतरी उघडून काय उपयोग? पापणी लवायच्या आत उघडायला हवी. तिथे उशिरा आलेलं बरोबर उत्तर हे चूकच असतं.

तळेगाव स्टेशनवरून धडधडत जाणाऱ्या एक्सप्रेस आणि मालगाड्या पाहिल्यात ना? पुढे लोणावळा, मग खंडाळ्याचा घाट. त्या इंजिनांत असाच एक राखणदार बसवतात. तो इंजिन चालवणाऱ्या लोको पायलटवर लक्ष ठेवतो. साठ सेकंदांत पायलटने वेग कमी-जास्त केला नाही, हॉर्न वाजवला नाही, बटण दाबलं नाही, काहीच केलं नाही, तर दिवा लुकलुकू लागतो. आठ सेकंद वाट पाहायची. तरीही काही नाही? मग बझर वाजतो. आणखी आठ सेकंद. तरीही सगळं शांत असेल, तर गाडीला आपोआप ब्रेक लागतात. पायलटला झोप लागली असेल, चक्कर आली असेल; राखणदार कारण विचारत बसत नाही. साठ, आठ आणि आठ. मागच्या डब्यांत शेकडो माणसं निवांत झोपलेली असतात, त्यांच्या पाठीशी हे तीन आकडे उभे असतात.

असा राखणदार मंगळावरही गेला आहे. 4 जुलै 1997 रोजी अमेरिकेचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. काही दिवसांनी त्याचा संगणक मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला. झालं होतं असं. सर्वांत महत्त्वाचं काम एका बिनमहत्त्वाच्या कामासाठी अडून बसे, आणि ते बिनमहत्त्वाचं काम मधल्याच तिसऱ्या कामापुढे मागे पडे. आपल्याकडे नाही का, बाबांना स्टेशन गाठायचंय, न्हाणीघरात धाकटा अडकलाय, आणि त्याला हाक मारून आजी भलतंच काही विचारतेय! बाबांची गाडी चुकणारच. तसं महत्त्वाचं काम ठरल्या वेळेत झालं नाही, की यानातला राखणदार हाकारा घाली आणि संगणक नव्याने सुरू करी. शास्त्रज्ञांनी पृथ्वीवर तसाच संगणक चालवून, प्रत्येक क्षणाची नोंद ठेवून चूक शोधली, आणि इथूनच ती दुरुस्त केली.

मात्र राखणदारालाही मर्यादा असतात. त्याने स्वतःच वेळ खाल्ला, तर ज्यासाठी तो बसवला तेच काम उशिरा होईल. म्हणून तो हलकाफुलका हवा. काही ठिकाणी त्याला स्वतंत्र चिपच देतात. हाकारा घातल्यावर काय करायचं, हेही आधी ठरवावं लागतं. प्रेस थांबवली तर बिघडत नाही. पण उडतं विमान थांबवून कसं चालेल? आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, जो नियम लिहिलाच नाही, तो राखणदार पाळू शकत नाही. पाचर मारलेली सगळ्यांना दिसत होती. ती नियमात मात्र कुणी लिहिली नव्हती.

म्हणून आता एक खेळ खेळा. घरातलं किंवा सोसायटीतलं एखादं यंत्र निवडा. लिफ्ट, कुकर, पाण्याची मोटर, काहीही. त्याचे तीन नियम वहीत लिहा. प्रत्येक नियमात ‘नेहमी’, ‘कधीही नाही’, ‘तोपर्यंत’ किंवा ‘इतक्या सेकंदांत’ यांपैकी एक तरी शब्द हवा. ‘कधीतरी’ला बंदी! ‘लिफ्टचं दार उघडं असेपर्यंत लिफ्ट कधीही हलणार नाही,’ हा एक मी देतो. मग वही मित्राकडे द्या, आणि सगळे नियम पाळूनही माणसाला इजा होईल अशी एखादी खोडी त्याला शोधायला सांगा. ती कागदावरच शोधायची हं, खऱ्या यंत्राला हात लावायचा नाही! त्याला ती सापडली, की नियमात काय लिहायचं राहिलं होतं, ते तुम्हांला कळेल. कागदावर सापडलेल्या पाचरीने कुणाचं बोट जात नाही.