निगेटिव्ह जपून ठेवा

साताऱ्यातल्या आमच्या फोटो स्टुडिओतून गिऱ्हाईक कॉपी घेऊन जाई, निगेटिव्ह आमच्याकडे राही. माझे वडील, अण्णा, तिच्या पाकिटावर नंबर घालत आणि लाकडी खोक्यात ठेवत. "कॉपी हरवली तर दुसरी काढू, निगेटिव्ह गेली की माणूस गेला," असं ते म्हणत. डार्करूमचा लाल उजेड आणि हायपोचा उग्र वास यांतच माझं लहानपण गेलं. चिमट्यांना टांगलेल्या ओल्या फिल्मवर नवरी काळ्या चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची दिसे. कपाळावर कुंकवाचा फिकट ठिपका. दुपारी आई खिडकीशी रिटचिंगला बसे. उजेड मागून घेऊन, टोकदार पेन्सिलीनं निगेटिव्हवरच ती कुणाचे देवीचे व्रण, कुणाच्या डोळ्यांखालची वर्तुळं भरून काढी.

म्हणून आई उन्हाळ्यात आमच्याकडे ब्रिस्टलला आली, तेव्हा तिला लेकॉक दाखवायचंच होतं. विल्टशरमधलं हे लहानसं गाव. मुख्य रस्ते चारच. लाकडी सांगाड्याची आणि दगडी घरं एकमेकांना खेटून उभी, आणि विजेची तार कुठे नजरेला पडत नाही. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची १९९५ची मालिका इथे चित्रित झाली. इथल्या लेकॉक ॲबी या जुन्या मठाच्या कमानीदार ओवऱ्यांत हॅरी पॉटरचे प्रसंग घेतले, म्हणून लेकही खूश होती. १९४४ साली मटिल्डा टॅल्बट यांनी ॲबी आणि जवळजवळ सगळं गाव नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं. घरांत आजही भाडेकरू राहतात. गाव जपायचं तर त्यात चूल पेटती हवी, हे मला फार पटतं.

पण मला ओढ होती ती ॲबीच्या दक्षिण सज्जातल्या एका खिडकीची. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट १८३३ मध्ये इटलीत कोमो सरोवराकाठी चित्र काढायला बसले होते. हात साथ देईना. समोरचं दृश्य आपलं आपणच कागदावर उमटलं तर, हा ध्यास तिथे लागला. घरी, म्हणजे याच ॲबीत, येऊन त्यांनी साधा कागद मिठाच्या पाण्यात भिजवला, त्यावर सिल्व्हर नायट्रेट चढवलं. छोट्या लाकडी कॅमेऱ्यांत तो घालून घरभर ठेवून दिला. त्यांची पत्नी कॉन्स्टन्स त्या कॅमेऱ्यांना उंदराचे सापळे म्हणायची. ऑगस्ट १८३५ मध्ये या खिडकीची टपाल तिकिटाएवढी निगेटिव्ह उमटली. भिंगातून सुमारे २०० काचा मोजता येत होत्या, अशी नोंद त्यांनी करून ठेवली आहे. आज उपलब्ध असलेली ही सर्वांत जुनी कॅमेरा-निगेटिव्ह.

१८३९ मध्ये पॅरिसला दागेरच्या फोटो काढण्याच्या पद्धतीचा गाजावाजा झाला. त्याच्या चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचं चित्र कितीतरी रेखीव. पण एक पत्रा, एकच चित्र. टॅल्बटच्या कागदी निगेटिव्हवरून हव्या तितक्या कॉपी निघत. मला हीच त्यांची थोरवी वाटते. एक चेहरा दहा घरांत पोचवण्याची सोय त्यांनी केली.

लेक काचा मोजायला लागली. आईनं मात्र हात पुढे करून उजेड बघितला. "इथं रिटचिंग छान झालं असतं गं," ती म्हणाली. मग तिथेच उभ्या उभ्या नातीला माझ्या आजीची, म्हणजे अण्णांच्या आईची, गोष्ट सांगू लागली. आजी कधी फोटोला बसलीच नाही. ती गेल्यावर भिंतीवर लावायला काही नव्हतं. अण्णांनी आत्याच्या लग्नातल्या ग्रुप फोटोची निगेटिव्ह शोधली. मागच्या रांगेत, दोघांच्या खांद्यांमधून डोकावणारा तांदळाएवढा चेहरा. एन्लार्जर चढवता येईल तितका वर चढवला, आईनं पुसट झालेली नथ पेन्सिलीनं उजळली, आणि चारही काकांकडे एकेक कॉपी गेली. लेकीनं विचारलं, "मग मी तिच्यासारखी दिसते का?" आई म्हणाली, "हनुवटी तिचीच आहे."

स्टुडिओ बंद झाला तेव्हा भंगारवाला ती खोकी मागत होता. आईनं दिली नाहीत. अर्ध्या गावाची लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं त्यांत आहेत, आणि त्या माणसांच्या नातवंडांचा त्यांवर हक्क आहे, असं ती म्हणते. परतताना गाडीत आजी-नातीचं ठरत होतं की स्कॅनिंग आत्याच्या लग्नाच्या पाकिटापासून सुरू करायचं, आणि नंबरांची वही हरवली असली तरी चेहरे ओळखायला आई आहे तोवर, म्हणजे याच दिवाळीत.