झाशीच्या उन्हात एसएमपीएसची खरेदी

मनमाडला रात्री पंजाब मेलमध्ये बसलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी झाशीला उतरलो. स्टेशनचे नाव आता ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाशी’ आहे. मे महिन्याचे ऊन असे, की फलाटावरचा लोखंडी बाक चटका देत होता. आत्याचे घर प्रेम नगरात, रेल्वेच्या अंगाने वाढलेल्या वस्तीत. आतोबा वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत मराठी घरे आहेत. आत्याकडेही सकाळी पोहे होतात, पण बोलण्यात अर्धी हिंदी असते.

या वेळी घरात एकच विषय होता, नातवाचा कॉम्प्युटर. मागच्या उन्हाळ्यात जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस जळाला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. आता शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून तो स्वतः नवा कॉम्प्युटर जोडत होता. सगळे सुटे भाग आले होते, एसएमपीएस तेवढा राहिला होता.

“काका, साडेचारशे वॉटचा स्वस्तात मिळतोय. बस हो जाएगा ना?”

आतोबा पेपरातून मान वर करून म्हणाले, “आधी डबे मोज, मग इंजिन ठरव.”

मग आम्ही कागद घेऊन बसलो. प्रोसेसर जोरात चालला तर ९० वॉट धरले. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६०, त्याचे ११५. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ६०. बेरीज २६५. म्हणजे साडेचारशे भरपूर झाले, असे वाटते. पण हे कार्ड बनवणारी कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस घ्या असे सांगते. कार्डाची मागणी क्षणभर एकदम उसळते, त्यासाठी हात राखून ठेवावा लागतो.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर इलाइट चौकाकडे गेलो. दुकानात तो स्वस्त डबा हातात घेतला आणि बाजूचे लेबल वाचले. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात, म्हणून तीच ओळ पाहायची. तिथे २२ अँपिअर लिहिले होते. १२ गुणिले २२ म्हणजे २६४ वॉट. डब्यावरचा साडेचारशेचा आकडा कामाच्या ओळीवर एवढाच उरला होता. शेजारच्या ५५० वॉटच्या डब्यावर ४५ अँपिअर होते, म्हणजे ५४० वॉट. पोरगा गप्प झाला.

दुसरी गोष्ट उन्हाची. एसएमपीएस भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेतो आणि तिचा काही भाग उष्णता होऊन वाया जातो. ‘८० प्लस ब्राँझ’ शिक्का असेल तर निम्म्या भारावर किमान ८५ टक्के वीज कामी येते. २६५ वॉटसाठी तो भिंतीतून ३१२ वॉट घेईल. ७० टक्क्यांचा हलका माल जवळपास ३८० घेईल आणि ११५ वॉटची शेगडी कॅबिनेटमध्ये पेटवून ठेवेल. झाशीत पारा ४५ च्या वर जातो, तिथे हे महागात पडते. म्हणून आतले कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत का आणि पूर्ण वॉट किती तापमानापर्यंत मिळतील, हे माहितीपत्रकात बघायचे. ४० पेक्षा ५० अंश लिहिलेला चांगला.

तिसरी गोष्ट दिव्यांची. वीज गेली की घरचा इन्व्हर्टर क्षणभराने सुरू होतो. चांगला एसएमपीएस सेकंदाच्या साठाव्या भागाएवढा वेळ तग धरतो. त्यासाठी इन्व्हर्टरच्या मागचे बटण ‘यूपीएस मोड’वर हवे. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हवर नव्या पद्धतीचे काही एसएमपीएस बंद पडतात.

ब्राँझ शिक्क्याचा ५५० वॉटचा घेतला. स्वस्तापेक्षा बरेच पैसे जास्त गेले, त्यामुळे पोराने कीबोर्ड पुढच्या महिन्यावर ढकलला.

घरी आल्यावर आतोबांनी डबा उघडू दिला नाही. आधी टेस्टर आणि बल्ब घेऊन ते भिंतीतल्या प्लगपाशी बसले. फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावला, तो मिणमिणला. “जुना का जळला, याचं एक कारण इथं असेल,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी वायरमन आला, अर्थिंगची सुटलेली तार जोडून गेला. तुम्हीही ही तपासणी वायरमनकडूनच करून घ्या.

त्या रात्री कॉम्प्युटर सुरू झाला. आत्याने वाटीभर साखर आणली. दहाच्या सुमारास गल्लीतले दिवे गेले, पंखा मंदावला आणि पुन्हा फिरू लागला. आम्ही सगळ्यांनी एकदम पडद्याकडे पाहिले. कॉम्प्युटर चालूच होता.

“आता झोपा,” आतोबा म्हणाले. कोणी उठले नाही.