४० इंजिनांची फी

नव्या माणसाशी ओळख झाली की आपण दोन मिनिटांत तीन गोष्टी काढून घेतो. कंपनी कुठली, डेझिग्नेशन काय आणि राहायला कुठे. माझे वडील एकच प्रश्न विचारायचे, ‘गाडी कोणची वापरता?’ उत्तर मिळालं की तो माणूस त्यांच्या डोक्यात कायमचा फिट! आमच्या हायस्कूलचे गुरुजी म्हणजे ‘निळी एम-एटी’. डॉक्टरीणबाई म्हणजे ‘पांढरी कायनेटिक, सेल्फ न लागणारी’. आईचं अख्खं माहेर म्हणजे ‘राजदूतवाले’. ताईच्या लग्नात पत्रिका वाटायला निघाले, तर आईनं केलेली यादी त्यांना कळेचना. शेवटी तिनं प्रत्येक नावापुढे गाडी लिहून दिली. दोन दिवसांत सगळ्या पत्रिका पोचल्या.

सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणायचो. वाईला त्यांचं गॅरेज होतं. साताऱ्याच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा कोर्स, मग एसटीच्या वर्कशॉपमध्ये ॲप्रेंटिसशिप आणि मग ऐंशीच्या दशकात कधीतरी रस्त्याकडेला टाकलेलं पत्र्याचं शेड. लुनापासून फियाटपर्यंत काहीही आणा, ‘बघू की’ हे उत्तर ठरलेलं. ‘होणार नाही’ हा शब्द त्यांच्याकडे नव्हता. ‘नवीन टाका’ हा होता, पण तो अगदी शेवटी यायचा.

वाईत गॅरेज टाकण्यात एक सोय होती. पाचगणी-महाबळेश्वरला जायचं तर वाईतून पसरणीचा घाट चढावा लागतो, आणि त्या घाटाने भल्याभल्या गाड्यांचा माज उतरवलेला आहे. मे महिन्यात मुंबईच्या फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, अर्ध्या घाटात हटकून बंद पडायच्या. इंजिनाच्या उष्णतेनं पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि कार्ब्युरेटरला पेट्रोलच पोचायचं नाही. अण्णा सोबत एक जुनं धोतर आणि पाण्याचा कॅन घेऊन जायचे. धोतराची ओली पट्टी पंपावर ठेवायची, दहा मिनिटं गप्पा मारायच्या, गाडी चालू! रेडिएटर गळत असेल तर त्यात चमचाभर हळद. तेवढ्यावर गाडी गॅरेजपर्यंत यायची.

आता यात धंदा कसा करायचा? हॉटेलचं बुकिंग असलेला, बायका-पोरं उन्हात उभी असलेला माणूस मागाल ते पैसे देतो. अण्णा मात्र ओल्या पट्टीचे पैसे घ्यायचे नाहीत. वर त्या माणसाला समजावत बसायचे, की पुढच्या वेळी फडकं तुम्हीच ठेवा. ‘ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून इंजिन बंद करू नका. नुसत्या ब्रेकवर आलात तर ब्रेक तापतील आणि ऐन वळणावर लागायचे नाहीत.’ हे भाषण मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. आई वैतागायची. ‘सगळ्यांना सगळं शिकवून टाका, म्हंजे आपल्याकडं कुणी यायलाच नको!’

तिचं चुकत नव्हतं. मेकॅनिकचं घर चालतं ते दुसऱ्याची गाडी बिघडल्यावर. खंडेनवमीला पाने, पकडी, डिसमिस, सगळी हत्यारं धुऊन-पुसून मांडली जायची, झेंडूची फुलं वाहिली जायची. मी एकदा विचारलं, ‘अण्णा, तुम्ही देवाकडं काय मागता? लोकांच्या गाड्या बिघडू देत असं?’ ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, ‘तसं कसं मागायचं? बिघडली तर माझ्याकडं येऊ दे, एवढंच मागतो.’

त्यांच्या कामाची पद्धत बघायला मजा यायची. गिऱ्हाईक सांगायला लागलं की ते हात वर करायचे, ‘तुम्ही थांबा, तिला बोलू द्या.’ ती म्हणजे गाडी. किक मारायची आणि मान तिरकी करून ऐकायचं. टॅपेटचा टकटक आवाज वेगळा, चेन सैल झाल्याचा वेगळा, पिस्टन खाल्ल्याचा तर वेगळाच. चेतक सकाळी चालू होत नसेल तर आधी प्लग काढून बघायचे. काळा-ओला असेल तर ऑइल जास्त पडतंय, पांढरट असेल तर इंजिन तापतंय. अर्ध्या गाड्या प्लगला पॉलिश पेपर मारूनच चालू व्हायच्या आणि त्याचेही पैसे ते ‘राहू दे की’ म्हणून सोडायचे.

मग घर कशावर चाललं? इंजिनांवर. अण्णांच्या हिशेबात खर्च रुपयांत नसायचाच. गॅसचं सिलिंडर म्हणजे दोन क्लचप्लेटा. दिवाळीचे कपडे म्हणजे तीन हाफ इंजिन. ताईला पुण्यात इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली तेव्हा फीचा कागद त्यांनी दोनदा वाचला, मनाशी पुटपुटले आणि म्हणाले, ‘वर्षाला ४० इंजिनं.’ म्हणजे ४० वेळा इंजिन उतरवायचं, खोलायचं, सिलिंडर बोअर करून आणायचा, नवा पिस्टन टाकायचा आणि परत बसवायचं. अशी चार वर्षं. पण गावात वर्षाला ४० इंजिनं बिघडायला तर हवीत ना! मग ते हायवेच्या सुरूर फाट्यापर्यंत रात्री-अपरात्री जायला लागले. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरही घ्यायला लागले. ताई आज ज्या आयटी कंपनीत आहे, तिथल्या कुणालाच माहीत नसेल की तिच्या डिग्रीला १६० इंजिनं लागली आहेत.

एवढं करून ते आमच्या वह्यांना कधी हात लावायचे नाहीत. संध्याकाळी आल्यावर आधी रॉकेल, मग धुण्याची पावडर, मग लिंबाची साल. तरी बोटांच्या रेषांमधलं ऑइल जायचं नाही. मग ते पाटावर बसायचे आणि आम्ही वही त्यांच्यासमोर धरून पानं उलटायचो. ते लांबूनच बघायचे, हात मागे बांधून. बाईंचा लाल शेरा दिसला की ‘हितं थांब’ म्हणायचे.

आणि मला त्यांनी कधी पाना धरू दिला नाही. गॅरेजमध्ये जायचं ते डबा घेऊन. डबा ठेवायचा, रिकामा घ्यायचा, निघायचं. जरा रेंगाळलो की, ‘हात काळं करू नको, घरी जा.’ माझ्याच वयाचा एक पोरगा तिथे हेल्पर होता, बारक्या. त्याला सगळं शिकवायचे, आणि मला दहा-अकराचा पाना कुठला, बारा-तेराचा कुठला हेसुद्धा नाही. लहानपणी मला याचा प्रचंड राग यायचा. मी मास कम्युनिकेशन घेतलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, ‘बसून करायचं काम आहे?’ मी हो म्हणालो. त्यांना तेवढं पुरलं. ३५ वर्षं उकिडवं बसून गुडघे गेलेल्या माणसाचा तो प्रश्न होता, हे कळायला मला नोकरी लागावी लागली. पाठ दुखते म्हणून मी ऑफिसात खुर्ची बदलून मागितली, त्या दिवशी कळलं.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सिक्स लागू झालं, तेही ऐन लॉकडाऊनमध्ये. गॅरेज उघडल्यावर हळूहळू ज्या नव्या गाड्या यायला लागल्या, त्यांत कार्ब्युरेटरच नव्हता. फ्युएल इंजेक्शन, सेन्सर, ईसीयू. दोष शोधायला स्कॅनर लावायचा. त्याच वर्षी जानेवारीत ‘चेतक’ परत आली होती, ती इलेक्ट्रिक होऊन. पेपरातला फोटो बघून अण्णा म्हणाले, ‘आवाजच नसंल तर कळायचं कसं हिला काय होतंय?’

तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. आम्ही दोघंही कमावत होतो, गॅरेज बंद केलं असतं तरी चाललं असतं. आम्ही तसं सुचवलंही. ते काही बोलले नाहीत. पण आठवड्यातून दोन दुपारी ते कुठेतरी जायला लागले. महिनाभरानं आईला पत्ता लागला, अण्णा बारक्याच्या गॅरेजमध्ये बसतात! बारक्यानं तोवर स्वतःचं टाकलं होतं, हप्त्यानं स्कॅनर घेतला होता. ज्या पोराला स्पार्क प्लग खोलायला शिकवला, त्याच्यासमोर स्टुलावर बसून अण्णा वहीत एरर कोड उतरवून घेत होते. बारक्या संकोचून उभा राहिला की म्हणायचे, ‘तू बस रं. आता मी शिकतोय.’

ती वही माझ्याकडे आहे. इंग्रजी कोड आणि पुढे मराठीत त्यांच्या भाषेतला अर्थ. एका कोडपुढे लिहिलंय, ‘थ्रॉटलचा सेन्सर. स्क्रीन म्हणते बदला. आधी वायर हलवून बघणे.’

२०२३ च्या पावसाळ्यात अण्णा गेले. भेटायला येणाऱ्यांतले निम्मे मला ओळखू येत नव्हते. एक आजोबा आले, दारात चप्पल काढून उभे राहिले. मी नाव विचारलं तर म्हणाले, ‘हिरवी लुना.’ आतून आई म्हणाली, ‘या, या. बसा.’ दिवसभर हेच चाललं होतं. लाल हिरो होंडा, दोन नंबरचा टेम्पो, राजदूतवाले तर अर्थातच. आईला सगळे माहीत होते. एवढी वर्षं रात्रीच्या जेवणावर तिनं गाड्याच तर ऐकल्या होत्या.

शेड आता बारक्या चालवतो. त्याचं पोट सुटलंय, दोन हेल्पर हाताखाली आहेत, पण गावासाठी तो बारक्याच. भाडं दर महिन्याला आईच्या हातात आणून देतो आणि चहा घेतल्याशिवाय जात नाही. ताईची स्कूटर पुण्यात कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाते, बिल फोनवर येतं, सगळं व्यवस्थित. तरी मध्येच कधी गाडी खरखर करायला लागली की ती पार्किंगमधून बारक्याला फोन लावते आणि मोबाइल इंजिनाजवळ धरते. पलीकडून वाईच्या गॅरेजचा गलका ऐकू येतो, मग बारक्याचा आवाज, ‘ताई, रेस देऊ नका. नुसती चालू ऱ्हाऊ द्या. तिला बोलू द्या की जरा.’